बी वनच्या लेझनमध्ये उतारा कळतो, तरी उत्तर चुकतं: बिघाड नेमका कुठे?

जर्मनच्या बी वन, म्हणजे मधल्या पातळीच्या, परीक्षेला बसणाऱ्यांची एक तक्रार वर्षानुवर्षं तशीच आहे. सराव पेपर सोडवला, उतारे समजले, अडलेले शब्द बोटांवर मोजण्याइतके, तरी लेझनमध्ये, म्हणजे वाचनाच्या पेपरात, ३० पैकी पंधरा-सोळाच्या पुढे मजल जात नाही. पास व्हायला १८ लागतात. मग उपाय म्हणून आणखी शब्द पाठ करायचे, आणखी एक पेपर सोडवायचा, आणि आकडा पुन्हा तिथेच. पुण्या-मुंबईत नोकरी सांभाळून क्लास करणारी मुलंमुली यात अक्षरशः खचतात आणि आपलं जर्मनच कच्चं आहे असं धरून बसतात. पुष्कळदा ते तितकं कच्चं नसतं. उताऱ्यात काय लिहिलंय ते त्यांना कळलेलं असतं. तो कोणी, कोणासाठी आणि कशासाठी लिहिलाय, एवढंच पाहायचं राहून गेलेलं असतं.

आधी खरंच हाच बिघाड आहे का ते तपासू या, कारण चुकीच्या दुखण्यावर औषध घेऊन काही उपयोग नाही.

तपासणी

सोडवलेले दोन-तीन जुने पेपर काढा. चुकलेले प्रश्न घ्या, पण उत्तरसूची बघू नका. शब्दकोश हाताशी ठेवा, वेळेचं बंधन सोडा आणि तेच प्रश्न पुन्हा सोडवा. आता उत्तर बरोबर आलं, तर अडचण शब्दांची किंवा घाईची होती. तिचा उपाय सरळ आहे, त्यावर इथे वेळ घालवत नाही. मात्र शब्द न् शब्द कळूनही उत्तर पुन्हा चुकलं, तर तो प्रश्न वेगळा काढून ठेवा. अशा प्रश्नांची संख्या चुकलेल्यांच्या निम्मी किंवा जास्त निघाली, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

वेगळ्या काढलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर तो पेपरच्या कुठल्या भागातला आहे तेही लिहा. चुका सहसा सगळीकडे सारख्या पसरलेल्या नसतात. एखाद्या भागातच त्यांचा ढीग असतो आणि प्रत्येक भागातलं कारण वेगळं असतं.

सूचनेची ओळ कोणी वाचतच नाही

गोएथे इन्स्टिट्यूट, ऑस्ट्रियातली ओ-एस-डी ही परीक्षा संस्था आणि स्वित्झर्लंडमधलं फ्रीबुर्ग विद्यापीठ या तिघांनी मिळून तयार केलेली ही परीक्षा २०१३ पासून सुरू आहे. तिच्या लेझनचे पाच भाग म्हणजे पाच प्रकारचा मजकूर: ब्लॉग किंवा ई-मेल, वर्तमानपत्रातले लेख, जाहिराती, वाचकांची मतं आणि नियमावली. ६५ मिनिटांत या पाच वेगळ्या तऱ्हांनी वाचावं लागतं, आणि तेच तर तपासायचं आहे.

प्रत्येक भागाच्या वर एक-दोन ओळींची सूचना असते. तुम्ही अमुक विषयावरचा वर्तमानपत्रातला लेख वाचताय, किंवा तुम्ही नव्या घरात राहायला जाणार आहात म्हणून तिथली नियमावली बघताय, असं त्यात लिहिलेलं असतं. मजकुराचा प्रकार, वाचणारा आणि वाचण्याचं कारण या तिन्ही गोष्टी तिथे आयत्या सांगितलेल्या असतात. पण विद्यार्थी म्हणतात, 'ते दर पेपरला तसंच असतं,' आणि थेट उताऱ्यात शिरतात. ती ओळ दर पेपरला तशीच नसते. नियमावली भाडेकरूची आहे की पोहण्याच्या तलावाची, मतं बंदीबद्दल मागवलीत की सक्तीबद्दल, हे तिथेच कळतं. पहिली दुरुस्ती म्हणूनच अगदी साधी आहे: सूचना वाचून झाली की पेन्सिलने बाजूला तीन शब्द लिहा. कोण, कोणाला, कशासाठी. उदाहरणार्थ, 'घरमालक, भाडेकरूंना, नियम सांगायला.' दहा सेकंदांचं काम आहे, पण उतारा वाचताना नजर कुठे ठेवायची ते त्याने ठरतं.

मराठी वाचताना हे आपण न शिकवता करतो. 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की' एवढं वाचलं की पुढे सोसायटीचा काहीतरी फतवा आहे हे कळतं आणि डोळे आपोआप तारीख, रक्कम आणि 'अन्यथा' शोधू लागतात. अग्रलेख वाचताना आपण तारीख शोधत नाही, संपादकाचा रोख शोधतो. जर्मन हातात आलं की हे अंगचं कसब बाजूला पडतं आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळं एकाच वेगाने, एकाच नजरेने वाचलं जातं.

लेखाचा हेतू आणि लेखातल्या माणसाचा हेतू

दुसऱ्या भागात वर्तमानपत्रातले दोन लेख, प्रत्येकावर तीन प्रश्न. त्यातला एक प्रश्न बहुधा पूर्ण लेख कशाबद्दल आहे असा असतो, आणि नेमका तोच चुकतो. कसा चुकतो ते जवळून पाहू.

समजा लेख असा आहे. एका गावातल्या ग्रंथालयात आता पुस्तकांसोबत ड्रिल मशीन, शिलाई मशीन, तंबू अशा वस्तूही घरी नेता येतात. सुरुवात कशी झाली, सदस्यत्व असलं की पुरतं, वस्तू किती दिवस ठेवता येते, लोकांचा प्रतिसाद कसा आहे. शेवटच्या परिच्छेदात ग्रंथालयाच्या प्रमुख बाई सांगतात की कपाटं अजून रिकामी आहेत, ज्यांच्याकडे चांगल्या वस्तू पडून असतील त्यांनी त्या आणून द्याव्यात. प्रश्न: हा लेख कशाबद्दल आहे? पर्याय अ, ग्रंथालय लोकांकडे वस्तू मागतंय. पर्याय ब, ग्रंथालयाने नवी सोय सुरू केलीय. पर्याय क, वस्तू विकत घेण्यापेक्षा उसनी घेणं कसं स्वस्त पडतं.

अ निवडणारे खूप असतात. कारण आवाहन खरंच लेखात आहे, ते शेवटी आहे, आणि शेवटी वाचलेलं डोक्यात ताजं असतं. पण आवाहन बाईंचं आहे, वार्ताहराचं नाही. वार्ताहर फक्त बातमी देतोय आणि बाईंचं बोलणं त्या बातमीचा एक तुकडा आहे. क निवडणाऱ्यांनी एका वाक्यातला फायदा सगळ्या लेखाचा विषय करून टाकलेला असतो.

इथे दोन खुणा कामाला येतात. एक, दुसऱ्याचं बोलणं सांगणारी जर्मन वाक्यं ओळखायची. अवतरणचिन्हं सरळ दिसतात, पण 'लाउट' म्हणजे अमक्याच्या म्हणण्यानुसार, वाक्यात मध्येच येणारं 'झो' (असं म्हणतात) आणि मग नाव, आणि 'इस्ट'च्या (आहे) जागी 'झाय', 'हाट'च्या (कडे आहे) जागी 'हाबं' अशी कॉन्युंक्टिव्ह एकची रूपं आली की समजायचं, हे लेखकाचं मत नाही, तो दुसऱ्याचं सांगतोय. सरावाच्या लेखात अशा प्रत्येक वाक्याला कंस करा. कंसाबाहेर जे उरतं त्यात लेखाचा हेतू असतो. दोन, प्रत्येक पर्याय सगळ्या परिच्छेदांना लावून बघायचा. जो पर्याय एकाच परिच्छेदाला चिकटतो आणि बाकीच्यांना लागू पडत नाही, तो हेतू नव्हे, तपशील. वरच्या लेखात ब सगळ्याच परिच्छेदांना पुरतो, अ शेवटच्यालाच.

शीर्षकावर मात्र फार विसंबू नका. लक्ष वेधण्यासाठी ते मुद्दाम चटकदार दिलेलं असतं आणि बरेचदा त्यात लेखातली सगळ्यात गमतीची गोष्ट असते, सगळ्यात महत्त्वाची नव्हे.

चौथा भाग: तक्रार म्हणजे विरोध नव्हे

माझ्या मते सगळ्यात जास्त मार्क इथे विनाकारण जातात. सात जणांची छोटी मतं असतात आणि प्रत्येकासाठी एकच विचारलेलं असतं: ही व्यक्ती अमुक गोष्टीच्या बाजूने आहे का? उत्तर 'या' (हो) किंवा 'नाइन' (नाही). पन्नास टक्के शक्यता असलेला प्रश्न, तरीही मुलं सातपैकी तीन-चारवर अडकतात.

विषय घेऊ शाळेत मोबाइलवर बंदी. प्रश्न: व्यक्ती बंदीच्या बाजूने आहे का? एक आई लिहिते: मुलगी आठवीत आहे, संध्याकाळ सगळी फोनमध्ये जाते, जेवायला बोलावलं तर ऐकू येत नाही, मी कितीदा फोन लपवून ठेवलाय. पण नीट वापरायचं कसं हे कुठेतरी शिकायला तर हवं, आणि शाळेशिवाय ते कोण शिकवणार? ही आई बराच वेळ मोबाइलविरुद्धच बोलली. शब्द मोजणारा विद्यार्थी 'या' लिहून मोकळा होतो. उत्तर 'नाइन' आहे. ती मोबाइलवर वैतागलीय, पण बंदी तिला नको आहे.

दुसरे एक शिक्षक लिहितात: मुलांना जबाबदारीने वागायला शिकवा, असं म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्या वर्गात येऊन बसावं. पंचवीस मुलं, त्यातल्या निम्म्यांच्या मांडीवर फोन. इथे 'बंदी' हा शब्दही नाही, उलट विरुद्ध बाजूचं वाक्य पहिल्यांदा आलंय. ते वाक्य शिक्षकांचं नव्हे, ते खोडून काढायला घेतलेलं. उत्तर 'या'.

वाचकांच्या पत्रात माणूस मत थेट क्वचित सांगतो. आधी समोरच्याचं थोडं मान्य करतो, मग वळतो. जर्मनमध्ये हे वळण 'त्स्वार'ने (खरं आहे की) सुरू होतं आणि 'आबर' (पण), 'आलरडिंग्स' (मात्र), 'ट्रोत्स्डेम' (तरीही) यांच्यापाशी पूर्ण होतं. वळणानंतरचं वाक्य खरं, आधीचं सौजन्यापुरतं. प्रश्नचिन्हानं संपणारी वाक्यं दिसली की 'याला उत्तर अपेक्षित आहे का?' असं स्वतःला विचारा. नसेल, तर ते प्रश्नाच्या रूपातलं विधान आहे आणि त्याचा रोख उलटा असतो.

सरावाची एक पद्धत सुचवतो, जी थोडी कंटाळवाणी आहे पण खरोखर उपयोगी पडते. प्रत्येक मत वाचून झालं की ते झाका आणि त्या माणसाच्या तोंडून मराठीत एकच वाक्य म्हणा: 'मला बंदी हवी आहे, कारण...' किंवा 'मला बंदी नको, कारण...'. 'कारण'च्या पुढचं मजकुरातूनच आलं पाहिजे, तुमच्या मनातून नाही. वाक्य पूर्ण होत नसेल, तर मत अजून कळलेलं नाही, खूण करू नका आणि परत वाचा. आणि स्वतःचं मत पूर्ण बाहेर ठेवा. ज्या विषयावर आपल्याला तावातावाने बोलावंसं वाटतं, त्याच विषयावर दुसऱ्याचं बोलणं चुकीचं ऐकू येतं.

न वाचलेली सूचनेची ओळ इथे सगळ्यात महाग पडते. मागच्या सराव पेपरात बंदीच्या बाजूने का असं विचारलं होतं, आणि या पेपरात मोबाइल वापराच्या बाजूने का असं असेल, तर सातही उत्तरं उलटी होतात.

नियमावलीत आपला अनुभव घुसतो

पाचवा भाग चारच प्रश्नांचा, पण भाषा कोरडी. घराची, वसतिगृहाची, व्यायामशाळेची नियमावली. इथे गाडी घसरते त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं व्याकरणाचं. जर्मन नियमावलीत 'तुम्हाला करावं लागेल' असं सरळ क्वचित म्हणतात. 'इस्ट' किंवा 'झिंड', वाक्याच्या शेवटी 'त्सू' आणि क्रियापद, अशी रचना येते. 'डी फेन्स्टर झिंड त्सू श्लीसन' म्हणजे खिडक्या बंद करायच्या आहेत, हे तुमचं काम. पण रोजच्या बोलण्यात 'त्सू' हा 'बंद' या अर्थानेही येतो, त्यामुळे पुष्कळांना 'खिडक्या बंद असतात' असं वाटतं आणि पर्यायांमधलं 'भाडेकरूंनी खिडक्या बंद कराव्यात' हे बरोबर उत्तर ते खोडून टाकतात. हा मजकूर नियमांचा आहे हे आधी पक्कं केलं असतं, तर 'खिडक्या बंद असतात' हे वाक्य नियमावलीत कशाला येईल, असा प्रश्न तिथेच पडला असता. मजकुराचा प्रकार ओळखला की व्याकरणही सुटतं, ते असं. सोबत हेही पक्कं ठेवा: 'उंटरझाग्ट' आणि 'निश्ट गेश्टाटेट' म्हणजे मनाई, 'ड्युर्फन नूर' म्हणजे अटीवर परवानगी, आणि 'झॉल्टन' म्हणजे केलंत तर बरं. पर्यायांमध्ये 'विनंती'चं 'सक्ती' आणि 'अटीवर परवानगी'चं 'मनाई' करून ठेवलेलं असतं.

दुसरं कारण आपला अनुभव. दुपारी एक ते तीन शांतता पाळायची, रविवारी ड्रिल चालवायचं नाही, काच ठरलेल्या वेळेतच कचऱ्याच्या पेटीत टाकायची, अशा नियमांची आपल्याला सवय नाही. वाचताना मन म्हणतं, 'असं कसं असेल?' आणि हात नेहमीच्या वाटणाऱ्या पर्यायाकडे जातो. नियमावलीत शहाणपण चालवायचं नाही. प्रत्येक उत्तराला बोट ठेवून दाखवता येईल अशी ओळ हवी, आणि त्या ओळीत नियम कोणाला लागू आहे तेही बघायचं. 'कर्मचाऱ्यांना पिशव्या तपासण्याचा अधिकार आहे' हे वाक्य वाचून 'पाहुण्यांनी दर वेळी पिशव्या दाखवायलाच हव्यात' असे घोळ होतात, कारण कर्ता कोण हे बघितलेलं नसतं.

जाहिराती आणि ब्लॉग, थोडक्यात

तिसऱ्या भागात सात माणसं, दहा जाहिराती. एका जाहिरातीचा एकदाच वापर, उदाहरणात दिलेली परत वापरायची नाही, आणि एका माणसासाठी योग्य जाहिरातच नसते, तिथे शून्य लिहायचं. चुकांचं मूळ शब्दांच्या जुळणीत असतं. तुमच्या पंधरा वर्षांच्या भावाला सुट्टीत गिटार शिकायचंय, आणि जाहिरातीत गिटार दिसली की झालं. पण एक जाहिरात बँडला गिटारवादक हवा म्हणून दिलेली, दुसरी पूर्वी वाजवत असलेल्या मोठ्यांसाठी, तिसरी गिटार विकणाऱ्याची. जाहिरात देणारा काही देतोय की मागतोय, 'बीटं' (देतो) की 'झूखं' (शोधतो), आणि वय, पातळी, वेळ यात कोणाला आत घेतोय, एवढं पहिल्या नजरेत टिपा. गिटार नंतर.

पहिल्या भागातला ब्लॉग किंवा ई-मेल ओळखीच्या माणसाला लिहिलेला असतो. तिथे लिहिणारा गप्पा मारतो: काय ठरवलं होतं, काय वाटलं होतं, प्रत्यक्षात काय झालं. 'आइगेन्टलिश' (खरं तर) आणि 'इश डाख्टं' (मला वाटलं होतं) यांच्यामागे सहसा न घडलेली गोष्ट असते, आणि 'फाल्श' (चूक) उत्तरांची विधानं तिथूनच उचललेली सापडतात. बाकी हा भाग सगळ्यात सोपा आहे आणि विधानंही उताऱ्याच्या क्रमानेच येतात.

नेहमीचा सराव

जर्मन पेपर रोज सोडवायची गरज नाही. आठवड्यातून एखाद दिवस एकच विषय घ्या, उदाहरणार्थ शहरातली सायकलवाट, आणि त्यावर चार वेगळ्या प्रकारचा मजकूर शोधा: बातमी, महापालिकेची सूचना, कोणाचं तरी मत, सायकल दुरुस्तीवाल्याची जाहिरात. डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या संकेतस्थळावर बातम्या मिळतात, जर्मन शहरांच्या संकेतस्थळांवर नियम आणि सूचना. प्रत्येकातली पहिली दोन वाक्यंच वाचा आणि वर सांगितलेले तीन शब्द लिहा. मग कुठल्या शब्दाने किंवा रूपाने ते ओळखता आलं, त्याखाली रेघ मारा: 'लीबं' (प्रिय) की 'झेअर गेएअर्टं' (माननीय), 'डू' (तू) की 'झी' (तुम्ही), आज्ञार्थ की कर्मणी, 'इश' (मी) आहे की मजकुरात माणूसच नाही. ज्यांचं जर्मन अजून अडखळतं, त्यांनी पहिले काही दिवस हाच खेळ मराठी वर्तमानपत्रावर खेळावा. त्याच दिवसाची बातमी, अग्रलेख, वाचकांचं पत्र आणि जाहीर नोटीस समोर ठेवली की काय शोधायचं ते लख्ख दिसतं.

पुढे बी टू या वरच्या पातळीला जाणाऱ्यांना हे दुप्पट उपयोगी पडेल. तिथे मतांमधला फरक बारीक होतो आणि नियमावलीच्या परिच्छेदांना शीर्षकं जुळवावी लागतात, म्हणजे प्रत्येक परिच्छेद कशासाठी लिहिलाय हेच विचारलेलं असतं.

परीक्षेच्या दिवशी कुठल्याही भागापासून सुरुवात करायची मुभा असते, ती वापरा. सुचवलेला वेळ असा: पहिल्याला १० मिनिटं, दुसऱ्याला २०, तिसऱ्याला १०, चौथ्याला १५, पाचव्याला १०. तपासणीत तुमचा ढीग ज्या भागात दिसला, तो डोकं ताजं असताना घ्या, शेवटी ठेवू नका. आणि उत्तरं उत्तरपत्रिकेवर उतरवायला वेगळा वेळ मिळत नाही, ते याच ६५ मिनिटांत बसवायचं आहे. म्हणून प्रत्येक भागातलं एखाद मिनिट आधीच बाजूला काढून ठेवा.